पडवीतल्या पाच झोळ्या

आमच्या इमारतीच्या मागे भाताचं एक खाचर अजून शिल्लक आहे. बदलापुरात आज एखादं खाचर शिल्लक असलं तर समजावं, भावाभावांत कागद अडलेत. कारण काही का असेना, दिवाळी सरली की तिथे विळे चालतात. कापलेल्या भाताची कडपं दोन दिवस उन्हात पडून राहतात, मग झोडणी होते आणि भुसकट उडून चौथ्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीत येऊन बसतं. मला शिंका सुरू होतात. एकदा सुरू झाल्या की सात-आठ ठरलेल्या. सून म्हणते, "आई, खिडकी लावून घ्या ना. दर वर्षी तेच." मी हो म्हणते आणि खिडकी उघडी ठेवते. उभा जन्म शाळेत गेला, पण खडूच्या भुकटीने मला कधी शिंक आली नाही. भाताने येते, आणि ती आली की पडवीतल्या पाच झोळ्या आठवतात.

यंदा शिंकांच्या जोडीला एक फोनही आला. तालुक्यातल्या प्राथमिक शाळांमधून उत्कृष्ट शाळा निवडायच्या आहेत, पाहणीसाठी निवृत्त शिक्षक हवेत, तुम्ही याल का? निवृत्त माणसाला कुणी 'याल का' विचारलं की तो चप्पल शोधायला लागतो. मी हो म्हटलं. दोन दिवसांनी छापील तक्ता घरी आला. हात धुण्याची जागा, वाचनकोपरा, कुंपण, परसबाग, भिंतीवरचे तक्ते, वाचन येणाऱ्या मुलांचं प्रमाण असे कितीतरी रकाने. मी चष्मा लावून सगळे वाचले. एकही चुकीचा नव्हता. तरी वाचून झाल्यावर मला उगाच अपराधी वाटायला लागलं, आणि खाली खाचरात बायका भारे उचलत होत्या.

मी तिशीत होते तेव्हा बारवी धरणाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीच्या शाळेत होते. राहायला विठ्ठलवाडीला. तिथून बदलापूर, मग एसटी, मग पाऊण तास पायी. पहिली ते चौथी, दोन खोल्या, पुढे लांबलचक पडवी, आणि दोन शिक्षक. एक मी, दुसरे मुख्याध्यापक, ज्यांना सगळी वाडी मोठे गुरुजी म्हणायची. गुरुजी बदलापूर गावातले, घरची भातशेती असलेले. कापणीच्या दिवसांत ते पहाटे स्वतःच्या शेतात तासभर विळा मारून शाळेत येत. त्यांच्या विजारीला गवताची कुसळं चिकटलेली असत आणि ती वेचत वेचत ते तिसरीला गणित शिकवत.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की काही पाट रिकामे. मी नवीन होते, चिडायचे. "पालकांना शिक्षणाची किंमतच नाही," असं मी पहिल्या वर्षी गुरुजींना ऐकवलं. शहरातून येणारा प्रत्येक नवा शिक्षक हे वाक्य बोलतो, आणि बोलताना त्याला आपण फार मोठं काहीतरी शोधून काढल्यासारखं वाटतं.

गुरुजी म्हणाले, "बाई, कोण येत नाय ते बघितलंत का? पोरगे येतात. तिसरी-चौथीच्या पोरी येत नाय. का?"

मी हजेरी काढून बघितली. खरंच, पाच मुली. आईबाप दोघं कापणीला गेले की घरातलं तान्हं कुणी सांभाळायचं? थोरल्या बहिणीने. ती आठ-दहा वर्षांची असली तरी थोरलीच.

"मग यावर उपाय काय?" मी विचारलं.

"भात काय आपल्यासाठी थांबत नाय. पोरीला बोलवायचं असंल तर तिच्या कडेवरचं पोर पण बोलवायचं. पडवी रिकामीच हाय की."

एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. दुसऱ्या दिवशी ते सुताराला घेऊन आले आणि पडवीच्या तुळईत ओळीने पाच लोखंडी कड्या बसवून घेतल्या. झोळ्यांचं कापड आणायचं काम माझ्याकडे आलं.

मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले. दुकानदार सिंधी होता, पोटावर टेप टाकून बसलेला. मी म्हटलं, पाळण्याच्या झोळीसाठी जाड मांजरपाट द्या, पाच झोळ्यांचा. त्याने मला खालीवर पाहिलं. माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं.

"पाँच? दीदी, एकदम पाँच?"

"स्कूल के लिए चाहिए."

"अच्छा! स्कूल में सुलाना भी सिखाते हैं?" तो मनापासून हसला आणि मग त्याने वरच्या फळीवरून एक गठ्ठा ओढला. "ये ले जाओ. भैंस बाँधोगी ना, तो भी नहीं फटेगा." वर त्याने दोरीही फुकट दिली. झोळीची गाठ कशी मारायची ते गल्ल्यावरून उठून, आपल्या खुर्चीला बांधून दाखवलं. बरोबर होती ती गाठ. वाडीतल्या बायकांनीही तीच मारली.

पाच मुली पाच तान्ह्यांना घेऊन यायला लागल्या. मी पडवीतच वर्ग घ्यायला लागले. झोळीची दोरी मुली पायाच्या अंगठ्याला बांधायच्या. वर पाटीवर हात चालू, खाली अंगठा चालू. पाढे म्हणताना झोळ्या पाढ्यांच्या चालीवर हलायच्या, आणि बे-चा पाढा सात-चा पाढा होताना सगळ्या एकदम मंदावायच्या. मध्येच कुणाचं तरी भिजायचं, रडायचं, त्याची बहीण उठायची. दहा मिनिटं वाया जायची. मला आधी ती वाया गेलेली वाटायची.

त्या पाचांत एक जनी होती. चौथीत, दहा वर्षांची. अक्षरं यायची, वाक्य यायचं नाही. उभं करून वाचायला सांगितलं की ती पुस्तकाकडे न बघता माझ्या साडीच्या काठाकडे बघायची. तिचा भाऊ काळू वर्षाचाही नव्हता, पण त्याचा हट्ट मोठा. नुसत्या झोक्याने तो झोपायचा नाही, त्याला बहिणीचा आवाज लागायचा. घरी ती गाणी म्हणत असेल. शाळेत गाणं कसं म्हणायचं? मग तिने आपल्या मनाने पुस्तक उघडलं आणि त्याच्याकडे तोंड करून धडा वाचायला लागली. मी सांगितलं नव्हतं.

जोडाक्षर आलं की जनी अडायची. ती अडली की अंगठा थांबायचा, झोळी थांबायची, आणि काळू भोकाड पसरायचा. म्हणजे पडवीच्या दुसऱ्या टोकाला पहिलीची बाराखडी घेत असतानाही मला कळायचं, जनीला जोडाक्षर लागलं. मी जायच्या आधीच शेजारची मुलगी शब्द सांगायची. सगळ्यांनाच घाई असायची, कारण काळूचा आवाज सगळ्यांना सोसावा लागायचा. आठवड्या-दोन आठवड्यांनी काळूचं रडणं कमी झालं. एका दुपारी माझ्या लक्षात आलं, बराच वेळ झाला, पडवी शांत आहे. मी मान वळवली. जनी अख्खा धडा वाचून शेवटच्या ओळीवर होती आणि काळू तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. एवढी नेमकी वाचनचाचणी मी पुढे कधी घेतली नाही. मी गुरुजींना हाक मारली. ते चौकटीत उभे राहिले, कुसळं वेचायचे थांबले आणि म्हणाले, "आता हिला पाचवीला बदलापूरला घालायची. मी बोलतो तिच्या बापाशी."

बाप कापणीनंतर वीटभट्टीवर जायचा, कुटुंब घेऊन. जनीला वाचता येतंय हे त्याला दिसलं असतं, तर कदाचित त्याने तिला थकलेल्या आजीपाशी वाडीत ठेवलं असतं, शाळेसाठी. त्या महिन्यात सगळं या 'कदाचित'वर अडलेलं होतं.

आणि त्याच महिन्यात तपासणीचं पत्र आलं. गुरुजी तीन दिवस प्रशिक्षणाला गेले होते, पत्र माझ्या हातात पडलं. उद्या अधिकारी येणार. मी पडवीकडे पाहिलं. पाच मळक्या झोळ्या, खाली ओल्याची डबकी, वर माश्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझी आई म्हणायची. मी मूठ झाकायचं ठरवलं. झोळ्या सोडून घड्या करून कपाटात कोंबल्या, पडवी सारवून घेतली आणि पाचही मुलींना जवळ बोलावून सांगितलं, "उद्या एक दिवस घरी राहा हं. साहेब येणार आहेत."

एकीनेही का म्हणून विचारलं नाही. जनीने फक्त विचारलं, "परवा यायचं ना, बाई?"

"परवा या," मी म्हटलं.

तपासणी सुरेख झाली. मुलांनी पाढे म्हटले, कविता म्हटल्या, वह्या दाखवल्या. जाताना साहेब पडवीत थांबले आणि त्यांनी वर बोट केलं.

"या कड्या कशासाठी?"

"तोरणं बांधायला," मी म्हटलं. क्षणाचाही विचार न करता.

"वा! सण साजरे करता म्हणजे," ते म्हणाले आणि शेरेबुकात लिहून गेले, 'शाळा उत्कृष्ट.'

गुरुजी परत आले तेव्हा मी शेरेबुक उघडूनच ठेवलं होतं. त्यांनी ते वाचलं. मग हजेरीपट काढला, आदल्या दिवशीचा रकाना बघितला आणि माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, शेरा काय आपल्याला खोडता येत नाय. पण खाली लिहिता येतं. पाच पोरींना घरी ठेवलं व्हतं, एवढं लिहा आणि सही करा."

मी म्हटलं, बदली होईल. नोकरीवर येईल. लोक हसतील. यातलं काही खरं नव्हतं. मला लाज वाटत होती, एवढंच खरं होतं. मी लिहिलं नाही. गुरुजींनी पुन्हा सांगितलं नाही.

त्या दिवशी पाचातल्या तीनच आल्या. मी झोळ्या पुन्हा बांधून दिल्या. पोरांनी एव्हाना सगळ्या वाडीत सांगून टाकलं होतं की शाळेला उत्कृष्ट मिळालं. जनी काळूला झोळीत घालता घालता माझ्याकडे वळली. रागाने नाही, गणित विचारावं तशी तिने विचारलं,

"बाई, आमी नव्हतो म्हनून शाला चांगली झाली का?"

मी म्हटलं, "नाही गं, वेडी." हे उत्तर नव्हे. दहा वर्षांच्या मुलीलाही ते कळलं. त्या दुपारी काळू रडत राहिला आणि पडवीतून वाचायचा आवाज आला नाही. मी जाऊन विचारलं, वाचत का नाहीस? जनी म्हणाली, "आवाज व्हतो ना, बाई." पुस्तक तिच्या मांडीवर मिटलेलं होतं. अंगठा मुकाट्याने चालत होता.

पंधरा दिवसांनी झोडणी आटोपली आणि जनीचं घर भट्टीवर गेलं. गुरुजी तिच्या बापाशी बोलले होते. बापाने म्हणे जनीलाच विचारलं, राहतीस का शाळेला? ती नाही म्हणाली. गुरुजींनी हे मला सांगितलं तेव्हा खिडकीबाहेर बघत सांगितलं. फाल्गुनात मी रजा काढून वांगणीकडच्या त्या भट्टीवर गेले. विटांच्या रांगा होत्या, माणसं दुसरी होती. मुकादम म्हणाला, ती माणसं कधीच पुढे गेली. कुठे, ते त्याला ठाऊक नव्हतं. परत येताना मी रस्त्याच्या कडेला बसून रडले. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं की चांगली शाळा कशाला म्हणतात, तर मी सांगू शकले असते. कुणी विचारलं नाही.

नंतर बऱ्याच शाळा झाल्या. बऱ्या, वाईट, एक-दोन फारच छान. मी स्वतः काही फार थोर शिक्षिका झाले नाही. एवढी एक सवय मात्र लागली. कुठल्याही वर्गात शिरले की हुशार मुलं मला आधी दिसत नाहीत. ती दाखवायला सगळेच टपलेले असतात. मी बघते कोण नाही, आणि जो नाही तो कशामुळे नाही. बहुतेक वेळा कारण एखाद्या झोळीएवढंच असतं. कुणाची भाषा वेगळी, कुणाला फळा दिसत नाही, कुणाला मुतारीत जायची भीती. त्या एकासाठी शाळेने काय हलवलं, यावर माझी श्रेणी ठरते. छापील तक्त्यात हा रकाना कुणी घातलेला नाही.

परवा मला अंबरनाथ पूर्वेची एक शाळा दिली होती. मुख्याध्यापिका तरुण, चुणचुणीत, केसांत अबोलीचा गजरा. दारात रांगोळी, वाचनकोपऱ्यात दोरीला टांगलेली पुस्तकं. दुसरीच्या मुलांनी इतकं सुंदर वाचलं की मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी तक्त्यात भराभर खुणा करत होते. तेवढ्यात खाली लक्ष गेलं. मागच्या बाजूला फरशीवर बाकांच्या पायांचे काळे डाग होते, पण त्यांवर बाक नव्हते. मी मोजले. तीन बाकांचे डाग.

"काल हजेरी किती होती?" मी विचारलं.

तिने हजेरीपट पुढे केला. काल एक्केचाळीस, आज बत्तीस.

"तापाची साथ आहे ना, मॅडम. व्हायरल."

"नऊच्या नऊ जण मागच्याच बाकांवरचे?"

तिने गजऱ्याला उगाच हात लावला. मुलांना मैदानात सोडलं आणि मग म्हणाली, "मॅडम, त्यांच्या घरी हिंदी, भोजपुरी बोलतात. दोन-तीन महिन्यांपूर्वीच आलीत इकडे. मी शिकवतेय त्यांना, खरंच शिकवतेय, सुट्टीनंतर थांबून. पण वाचनाचा टक्का खाली येतो ना. एका दिवसाचा तर प्रश्न होता."

एका दिवसाचा तर प्रश्न होता. मला तिचा राग आला नाही. मी तिला तोरणाच्या कड्यांची गोष्ट सांगितली. सगळी, काळूच्या रडण्यासकट. ती खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, "मग त्या मुलीचं काय झालं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी उद्या पुन्हा येते."

"पण मॅडम, त्यांना नाही जमणार वाचायला."

"माहीत आहे."

"मग श्रेणी खाली जाईल."

"जाईल," मी म्हटलं. माझ्या हातात तेवढंच होतं, आणि खोटा धीर देण्यात मी एकदा हात पोळून घेतलेत.

काल सकाळी मी गेले तेव्हा रांगोळी नव्हती. तीन बाक आपापल्या डागांवर आले होते आणि त्यांवर नऊ जण दाटीवाटीने बसले होते. वर्गात बऱ्यापैकी गोंगाट होता. पिंकी नावाची एक मुलगी वाचायला उभी राहिली. दुसऱ्याच ओळीत 'पुस्तक' आलं आणि ती थांबली. मुख्याध्यापिका बाईंचे ओठ हलले, त्या शब्द सांगणार होत्या. मी हाताने थांबा म्हटलं. पिंकी थांबलेलीच. मला वाटलं, आता कुठून तरी एक तान्हं रडायला लागेल. कुणी रडलं नाही. शेजारचा मुलगा तिच्या कानाशी लागला, "बोल ना, पुस्-तक. वही, जो तेरे हाथ में है." पिंकीने हातातल्या वस्तूकडे पाहिलं, हसली आणि पुढे वाचायला लागली. पाच ओळींना बराच वेळ लागला. सगळा वर्ग थांबला होता.

मी तक्ता काढून टेबलावर ठेवला. वाचनाचा टक्का खाली आला होता, तो तसाच भरला. शेवटी 'इतर शेरा' असा एक रकाना असतो. त्यावर मी पेन टेकवलं तेव्हा बाई जवळ आल्या.

"मॅडम, कालचं मी लिहू का? माझ्या हाताने?"

मी पेन त्यांना दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं. 'पाहणीच्या दिवशी नऊ मुलांना मी घरी राहायला सांगितलं होतं. ती आज आली आहेत.' खाली त्यांनी नऊ नावं लिहिली, आडनावांसकट, एकही न विसरता, हजेरीपटात न बघता. मग सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

पाहणी करणाऱ्याचीही सही लागते. मी ती त्यांच्या सहीखाली केली. जनी दहा वर्षांची होती तेव्हा ती करायची राहिली होती.